उघडून दाखवा, मगच घेऊ

मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे, मित्रांनो, आणि तोही जेमतेम बोटाएवढा! लाल मूठ, फुलीचं टोक आणि टोकात जरासं लोहचुंबक. आम्ही पाच भावंडं एकाच डबीतून निघालो. तीन हरवली, एकाचं टोक रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना मोडलं. उरलो मी.

माझी मालकीण लॅपटॉप दुरुस्त करते. घरात तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. किती वर्षं तरी मी तिच्या हातात गरगर फिरलो! एखादा हट्टी स्क्रू निघाला की ती म्हणायची, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मग माझा रुबाब काय विचारता! पण पुढे लॅपटॉप सडपातळ होत गेले. आतलं सगळं चिकटवलेलं, नाहीतर सोल्डर केलेलं, म्हणजे वितळलेल्या धातूने कायमचं जोडलेलं. मला कोण विचारतो? मी खणात वाळलेल्या पेनांच्या संगतीत पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

आणि एका सकाळी खण धाडकन उघडला!

आत्याच्या भाचीला कार्टूनपट बनवायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. कॉलेजने कळवलं होतं, पहिल्या वर्षी आठ जीबी रॅम चालेल, दुसऱ्यापासून सोळा हवीच. तिचे बाबा म्हणजे आत्याचा दादा. तो स्पष्ट म्हणाला होता, "लॅपटॉप एकदाच घेणार. पुन्हा घ्यायची माझी ऐपत नाही." आज निवड चुकली, तर वर्षभरात पोरीचं शिक्षण अडणार होतं. आत्याने मला खिशात टाकलं. चला, आपल्याला बोलावणं आलं!

दादा कुरिअर पोचवतो. वीस वर्षं खांद्याला पिशवी लावून त्याला एक सवय जडली आहे. कोणतीही वस्तू तो आधी डोळे मिटून तळहातावर तोलतो. दुकानात त्याने एक चंदेरी लॅपटॉप उचलला आणि त्याचा चेहरा खुलला.

"कापूस आहे नुसता! हाच घेऊ."

भाचीही त्याच्या पडद्यावरून नजर काढेना.

"याची रॅम नंतर वाढवता येते?" आत्याने विचारलं.

"मॅडम, आत्ताच सोळावाला घ्या ना," विक्रेता म्हणाला. "थोडाच महाग आहे."

ते 'थोडंच' दीडपट निघालं! दादाचा चेहरा पडला.

मग आत्याने कोपऱ्यातला जाडसर काळा लॅपटॉप दाखवला. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, रॅम आठच, आणि किंमत आवाक्यातली. दादाने तो तोलला आणि तोंड वाकडं केलं.

"हा धोंडा पोरीच्या पाठीवर? माझ्या खांद्याची वाट लागली तेवढी पुरे."

"यात रॅम वाढते का?" आत्याने विचारलं.

"वाढते बहुतेक."

"बहुतेक? उघडून दाखवा, मगच घेऊ."

विक्रेत्याने आढेवेढे घेतले, पण शेवटी दाखवायला ठेवलेला लॅपटॉप पालथा केला. त्याचा विजेवरचा स्क्रूड्रायव्हर मोठा ऐटबाज! पण टोक स्क्रूच्या मानाने मोठं. ते स्क्रूवर नुसतं घसरायला लागलं.

"थांबा, डोकं खराब कराल स्क्रूचं!" आत्या ओरडली आणि तिने मला बाहेर काढलं.

मित्रांनो, माझ्या अंगात वीज संचारली! एक, दोन, तीन... अकराच्या अकरा स्क्रू मी अलगद काढले. झाकण उघडलं. आत रॅमची एक पट्टी, आणि शेजारी एक रिकामी जागा!

"आणि त्या चंदेरीत?"

विक्रेत्याने कंपनीला फोन लावला आणि मग खरं ते सांगितलं, "त्यात सोल्डर केलेली आहे. कधीच वाढणार नाही."

भाचीने काळा लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत घातला आणि दुकानात तीन फेऱ्या मारल्या.

"जड आहे, बाबा. पण हा चार वर्षं माझ्याबरोबर येईल. तो चंदेरी वर्षभरात बसेल."

"मग हाच घेऊ," दादा म्हणाला.

दुसरं वर्ष लागलं तेव्हा रॅमची नवी पट्टी आली. तिची किंमत नव्या लॅपटॉपच्या मानाने काहीच नव्हती! या खेपेला मी भाचीच्या हातात होतो. तिचा हात नवखा होता आणि माझं टोकही आता झिजलं आहे. "आधी दाब, मग फिरव," आत्या म्हणाली. पट्टी टक् करून बसली. पडद्यावर आकडा आला, सोळा! तिने बनवलेल्या कार्टूनपटातला, रोज मध्येच अडकणारा पक्ष्यांचा थवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत उडाला. भाची आनंदाने किंचाळलीच.

मित्रांनो, नव्या वस्तूची चकाकी खुशाल बघा, पण ती पालथी करून विचारा, ही उघडते का, ही वाढते का? आणि घेतलीत की जपून वापरा. धसमुसळेपणाने आमची टोकं जातात, मग पुन्हा उपयोग नाही.

दादाने तो थवा तीनदा बघितला. मग तो लेकीला म्हणाला, "पुढच्या वर्षी अजून काही वाढवायचं असेल, तर सांग हं. एवढं मला जमेल."