सी आणि डीमधला बांध

अरे ऐका ना, रविवारी आमच्या आटगावच्या घरी काय झालं ते. कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह पार भरलेला, लाल पट्टी, साधा अपडेट घेईना. डी मात्र अर्धा रिकामा. म्हटलं, डीतनं जागा काढायची नि सीला द्यायची, सोप्पं. डी लहान केला, जागा मोकळी झाली, पण सीवर क्लिक केलं तर 'एक्स्टेंड' फिक्कट. दाबलंच जाईना.

चंदरकाका मागं चहा पीत बसलेला. स्क्रीनवरचे चौकोन बघून बोलला, "अगो, मोकळा तुकडा डीच्या पल्याड हाय. मधी दुसऱ्याचं शेत, तर बांध कसा सरकवशील?"

शप्पथ, भात लावणाऱ्या माणसाला कळलं, मला नाय. म्हणजे पल्याडच्या तुकड्यात नवा ड्राइव्ह करायचा, डीतलं सगळं तिथं न्यायचं, डी उडवायचा, मग सी वाढणार.

पण डीमधे प्रेमाआत्याचे धवळे. आत्या लग्नात हळदीला गाते ना, ते एकेचाळीस मी रेकॉर्ड केलेले, दुसरी कॉपी नाय. काका बोलला, "आधी भात घरात आण, मग बांध फोड."

कॉपी केले नि नीट आलेत का बघायला एकेक पाच सेकंद वाजवायला लागले. तर आत्या दारातनं, "धवळा अर्धा तोडायचा नाय गो मनस्वी. लावलास तर पुरा ऐक."

"आत्या, एकेचाळीस हायत."

"मग? तुला कुठं कसाऱ्याला जायचंय?"

बसलो मग. शेजारची सकुबाई आली, ती पण गायला लागली, काका टेबलावर ताल धरतोय. नि सव्विसावा मधेच तुटला. डीमधला मूळचा उघडला, तो पण तिथंच तुटलेला. रेकॉर्ड करतानाच माझा मोबाइल बंद पडलेला.

आत्या हसली. "नवरी अर्धीच पिवळी ठेवलीस की गो." नि डोळे मिटून तिथनंच पुढं गायला लागली. मी मोबाइल चार्जिंगला लावून धरला. तो तुकडा पण नव्या ड्राइव्हमधे टाकला.

एकेचाळिसावा संपला तशी आत्या बोलली, "आता फोड." डिलीट मी तिच्याच बोटानं दाबवलं. 'एक्स्टेंड' ठळक झालं, दाबलं, नि सीची लाल पट्टी निळी.

आत्या चष्मा लावून बघत होती. "नव्या खणात अजून जागा हाय ना? मला अजून वीसेक तरी येतात."