अकरा सेकंदांचा व्हिडिओ

नळ. काचेचा ग्लास. दुधासारखं पाणी. वर मामाचा आवाज: पाण्यात विष आहे, विहिरीचं प्या, पंप मी सुरू केलाय.

अकरा सेकंद. इमारतीच्या ग्रुपवर साठ अंगठे.

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. गेल्या महिन्यात याच विहिरीत सांडपाण्याचे जंतू सापडले, म्हणून ती बंद केली होती. पंपाची किल्ली मात्र मामाकडेच राहिली.

मी टाइप केलं: मामा, तुला काडीची अक्कल

खोडलं.

निवृत्त झाल्यापासून तुला दुसरा उद्योग

हे खोडायला जरा जिवावर आलं.

नळाचं पाणी चांगलं आहे. विहिरीचं पिऊ नका. दाखवायला येतेय.

पाठवलं. तपासणीची पेटी उचलली.

खाली विहिरीपाशी बादल्यांची रांग. मामा म्हणाला, आल्या बाईसाहेब, खात्याची बाजू घेऊन. मी त्याला त्याच्याच फोनवर, विहिरीसमोरच्या त्याच्याच नळाचं पाणी पुन्हा टिपायला सांगितलं. फक्त या वेळी लवकर थांबायचं नाही.

पाच सेकंद. दूध.

अकरा. मामाचा अंगठा बटणाकडे. "चालू दे," मी.

तीस. तळाशी बोटभर नितळ.

पन्नास. नितळ वर चढतंय. गाळ असता तर खाली बसला असता, मी सांगितलं. ही हवा आहे, वर निघून जाते. सकाळी मुख्य पाइप दुरुस्त केला, त्यात अडकलेली.

सत्तर. ग्लासातून मामाच्या शर्टाची बटणं मोजता येत होती.

मग दोन्ही पाण्यांत औषधाचे थेंब टाकले. नळाचं पिवळं झालं, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन आहे. विहिरीचं होतं तसंच राहिलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, मामांनी नोकरीत बसही अशीच चालवली, अर्ध्या वाटेत ब्रेक. सगळे हसले. मामाची मान खाली गेली.

"पाणी पांढरं होतं, हे मामाने खरं सांगितलं," मी म्हणाले. "विष आहे, हे चूक. चुकीबद्दल बोलू, मामाबद्दल नको."

मामाने पंप बंद केला, किल्ली माझ्या हातात दिली. नवा व्हिडिओ स्वतःच टाकला. खाली लिहिलं, पूर्ण बघा.

बादल्या रिकाम्या होत होत्या. मी विचारलं, सकाळपासून विहिरीचं कोण कोण प्यायलंय?

तीन हात वर आले. चौथा मामाचा.

मी वही उघडली.