पाहुण्यांतली

काकासाहेबांनी अर्जावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"पवार. मूळ गाव?"

"पारनेर तालुक्यातलं, सर."

"अरे वा! म्हंजे आमच्या पाव्हण्यांतलीच की तू. सासुरवाडी हाय माझी तिकडं. बस पोरी, नीट बस."

सुकन्या नीट बसली. आपण होकारार्थी मान हलवली की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही. पण नाही म्हणायची वेळ मात्र निघून गेली.

नागापूरच्या एका कारखान्याच्या तपासणी विभागासाठी काकासाहेब कॉलेजात मुली निवडायला आले होते. यंदाची ही शेवटचीच कंपनी. जागा एकच उरलेली, आणि मुलीही दोनच: आत सुकन्या, बाहेर बाकावर हेलन. याआधी चार ठिकाणी सुकन्याने वडिलांचं नाव 'आमोस' असं ठसठशीत लिहिलं होतं. चारही ठिकाणी कामाबद्दल कमी आणि घरच्यांबद्दल जास्त विचारलं, आणि 'कळवतो' म्हणाले ते आजतागायत कळवतायत. या खेपेला तिने नुसता 'ए' लिहून टिंब दिलं. बापाच्या नावाचं टिंब केलं, ही बोच सकाळपासून तिला स्वस्थ बसू देत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगळलं होतं.

समोर ठेवलेल्या बेअरिंगचं माप तिने पहिल्याच खेपेला अचूक सांगितलं. काकासाहेब खूश झाले. त्यांनी चहा सांगितला, तिच्यासाठीसुद्धा. मग खुर्ची पुढे ओढून, घरातलं बोलावं तसा आवाज खाली आणला.

"बाहेर ती हेलन साळवे बसलीय, तुझ्याच वर्गातली ना? मार्क बरे हायेत. पन ह्या लोकांचं रविवारी चर्च असतंय. आमची सुट्टी गुरुवारी. रविवारी दांडी मारली की सगळं काम आडतं. तू आपली म्हनून इचारतो. येईल का ती?"

सुकन्याला आधी हसूच आलं. हेलन! रविवारी दहा वाजेपर्यंत पांघरुणातून बाहेर न पडणारी, नाताळ सोडला तर चर्चची पायरी न चढणारी. संडे स्कूलच्या पोरांना गाणी शिकवणारी, एकही रविवार न चुकवणारी होती ती सुकन्या. आता नुसतं 'माहीत नाही, सर' म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. तेवढं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा.

चहा आला. तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"हेलन येईल, सर. रविवारची अडचण मला आहे. आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल मी घेते."

काकासाहेबांनी खुर्ची मागे सारली. गळ्याशी उगाच हात नेऊन त्यांनी शर्टाचं बटण चाचपलं.

"बरं," ते म्हणाले. "त्यांना पाठवा आत."

बाहेर हेलन ताडकन उठली.

"काय विचारतात गं?"

"रविवारी येशील का, म्हणून."

"मग? काय सांगू?"

"येते म्हण. मी तसंच सांगून आलेय."

"आणि तू?"

सुकन्याने तिची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"जा लवकर. आणि रविवारचा अलार्म लावायला शिक आता."