टॅब आडवा केल्यावर पुढं आलेले बैल

खोटं वाटेल, पण साताऱ्याजवळच्या एका मैदानावर नुसता टॅब आडवा केल्यामुळं एक बैलजोडी पुढं आली. मी पलूसहून मुद्दाम शर्यत बघायला गेलेलो. पंचांच्या मांडवात चहा फुकट मिळतो, म्हणून तिथंच ठाण मांडलेलं.

फायनलला धूळ अशी उठली की माझ्या कपातला चहा मला दिसेना. पहिला कोण, कुणालाच ठाऊक नाही. दावेदार दोघं. एक फौजेतून सुभेदार होऊन आलेला माझा दोस्त हंबीरराव, दुसरा कवठे महांकाळचा लालासाहेब. हंबीररावानं सकाळीच माईकवरून सांगून टाकलेलं, "औंदा हारलो तर मिशी ठेवणार न्हाई!" आणि मिशी तरी कशी? तिच्या दोन टोकांवर दोन चिमण्या बसून भांडलेल्या मी स्वतः बघितल्यात.

पंच जोतीरामानं टॅब काढला. निकालाच्या रेषेवर घेतलेला व्हिडिओ त्यात होता. त्यानं तो रेषेवरच थांबवला आणि टॅब उभा धरला. चित्र बारीक दिसायला लागलं, म्हणून दोन बोटांनी ताणून पडदाभर केलं. रेषेवर हंबीररावाचे बैल, एकटेच. हंबीररावानं मिशीला पीळ दिला.

"जरा आडवा धर की रं," लालासाहेब म्हणाला.

टॅब आडवा झाला, चित्र पसरलं आणि उजव्या कडेला, रेषेच्या पार पुढं, लालासाहेबाचे बैल!

हंबीररावाचा हात मिशीवरच राहिला. "हे कुठनं आलं?"

"पळत आलं," लालासाहेब म्हणाला.

"आत्ता न्हवतं! उभा कर."

जोतीरामानं उभा करून पुन्हा ताणला. बैल गेले. आडवा केला. बैल आले.

"बगा! अठरा वरसं सीमेवर दुर्बीण धरलीय मी. दुर्बीण तिरकी केली म्हणून पल्याड माणूस वाढत न्हवता!"

"आवं सुभेदार, उभ्यात कडा कापल्या जात्यात," जोतीराम म्हणाला.

"कापल्या कुणी? तूच की! काल कुणाच्या घरी जेवलास, सांग बरं."

जोतीराम बाहीनं टॅब पुसायला लागला. तेवढ्यानं हंबीररावाला लबाडी पक्की वाटली. त्यानं टॅबची मागची बाजू निरखली, मग टेबल कलतंय का ते बघायला माझा चहा त्यावर ठेवला. शेवटी टॅब उभाच छातीशी कवटाळून म्हणाला, "निकाल उभ्यावरच लागंल!"

तेवढ्यात त्याची बायको अंजना मांडवात शिरली. "आवं, द्या हिकडं त्यो."

"अंजना, तू ह्यात पडू नगंस. आडवा केला की आपण हारतोय."

"मला बैल न्हाई बगायचं. ह्या लालासाहेबांचा गाडीवान नानासो उसाच्या रसाच्या गाड्यामागं लंगडत का हिंडतोय, त्ये बगायचंय."

हे ऐकून लालासाहेब उगाच पागोटं सारखं करायला लागला.

अंजनानं टॅब अक्षरशः ओरबाडून घेतला, आडवा टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. उजव्या कडेला लालासाहेबाची गाडी होती, पण तिच्यावर कुणीच नव्हतं. डाव्या कोपऱ्यात, पार मागं, धुळीतून दोन पाय आभाळाकडं गेलेले. नानासोचे.

गाडीवान नसलेली गाडी बाद, हा नियम तर शाळेतल्या पोरालाही पाठ.

लालासाहेब पुढं वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "जोतीराम, मगाशी उभा धरलावतास, त्येच बरं हुतं न्हाई?"

मांडव इतका हसला की एक खांब हलला. जोतीरामानं निकाल सांगितला. ढाल हंबीररावाच्या हातात आली, मिशी तोंडावर राहिली. तरी त्याचा चेहरा काही खुलेना. बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "तुला आदीच कसं गं ठावं व्हतं?"

"तुमी मिशीला पीळ देत व्हता, तवा मी माणसं बगत व्हते," अंजना म्हणाली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेली.