मरव्याची साक्ष

पिशोरच्या सांडूच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं भिंतीवर, बाया ओट्यावर आणि मधोमध कुंडीतला मरवा. त्याच्या दोन फांद्यांवर पारदर्शक पिशव्या बांधलेल्या. एक सांडूच्या नावाची, दुसरी त्याच्या विधवा भावजयीच्या, गोजरबाईच्या. सांडूचा गोकुळ तापानं फणफणत होता आणि त्याच्यावर करणी कुणी केली हे म्हणे झाड सांगणार होतं. गोजरबाई कडब्याच्या खोलीत कोंडलेली. झाडाची साक्ष पडली की तिला गावाबाहेर काढायचं ठरलं होतं.

साक्ष काढायला आलेले महाराज मोठे चलाख. "पापाला वास असतो. ज्याच्या नावाची पिशवी जास्त वास मारंल, करणी त्याचीच," ते म्हणाले. "शहरातली विशाखा मॅडम कपाशीला पिशव्या बांधून वासच मोजती ना? तिला आत्ता कळलं, आम्हाला लई आधीपासून ठाऊक हाय."

माना डोलल्या. गर्दीतल्या विशाखाच्या तोंडचं पाणी पळालं. झाडांतून हवेत उडणारे वास मोजणं हेच तिचं संशोधन. तिचीच रीत उचलून या माणसानं एका बाईला अडकवलं होतं. खोटं म्हणावं, तर तिचं संशोधनही खोटंच ठरणार.

महाराजांनी गोजरबाईची पिशवी उघडली आणि घमघमाट सुटला. सांडूच्या पिशवीला जेमतेम वास. कडब्याच्या खोलीचं दार आतून वाजू लागलं.

बांधताना महाराजांचा हात कसा चालला, ते विशाखानं पाहिलं होतं. ती पुढे झाली. पुन्हा बांधू, पण आता मी बांधणार, असं तिनं सांगितलं. एवढ्या लोकांत महाराजांना नाही म्हणता येईना.

तिनं एक फांदी पानालाही धक्का न लावता पिशवीत घेतली. ही गोजरबाईची. दुसरी मुठीतून करकचून ओढली. ही महाराजांची. तिसरी पिशवी रिकामीच बांधली. थोड्या वेळानं तिन्ही सांडूच्या नाकाशी धरल्या. घमघमाट महाराजांच्या नावाचा निघाला. रिकामीलाही वास होताच, प्लास्टिकचा.

"पान चुरगळलं की वास वाढतो. गोजरबाईची फांदी बांधताना महाराजांनी तेच केलं," विशाखा म्हणाली. "म्हणून आम्ही फांदीला जपतो आणि शेजारी रिकामी पिशवी ठेवतो. नाहीतर पिशवीचा वास झाडाच्या माथी बसतो. झाडाला कुणाचं नाव कळत नाही."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. सांडूनं खाली मान घालून कडी काढली. गोजरबाई मात्र जागची हलली नाही.

"आज मरव्यानं सोडलं, भाऊजी," ती आतूनच म्हणाली. "उद्या लेकराला परत ताप आला, तर कुणाला इचारताल?"

वाचकहो, उत्तर अवघड नाही. ताप आला तर डॉक्टर गाठा. चमत्कार दिसला तर करणाऱ्याचा हात बघा, मग तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करा. सांडूनं पोराला उचलून दवाखाना गाठला. गोजरबाई तिन्हीसांजेपर्यंत उघड्या दाराआड बसून होती.