शेवट काउंटरवर विचारावा

ओरिसिया, घरच्यांची ओरी, लहानपणी अधाशासारखी वाचायची. पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला बसवली तरी मांडीवर पुस्तक असायचंच, आणि मग दहातली एक पेरोगी हमखास रिकामी निघायची. ती नेमकी बापाच्या ताटात यायची. पेट्रो काट्याने ती उघडून बायकोला दाखवायचा, "स्टेफा, लेक आज कुठल्या प्रकरणात होती गं?"

कॅनडात, सॅस्कॅचेवानमधलं डनव्हेल म्हणजे एक रस्ता, एक धान्याचं उंच कोठार, दोन चर्च आणि जुन्या पोस्टाच्या मागच्या खोलीतलं वाचनालय. एका वेळी चार पुस्तकं मिळत. ओरी ती बुधवारपर्यंत संपवायची आणि शनिवारपर्यंत तळमळत बसायची. काउंटरवरच्या बोइचुकबाई म्हणायच्या, "अगं, जरा चावून खा!"

नवव्या वर्षी तिच्या हाती घोडीचं पुस्तक लागलं. एक मुलगी, तिची करडी घोडी आणि एक लांबलचक हिवाळा. शेवटच्या पानावर घोडी मेली. ओरी गवताच्या माळ्यावर बसून इतकी रडली की नाकावरचं पाणी गोठलं. मग तिने विचार केला, पानच नसेल तर घोडी मरेल कशी? आणि पुढच्या मुलांना तरी रडावं कशाला? तिने ते पान फाडलं, गादीखाली सरकवलं आणि पुस्तक परत करून आली.

बोइचुकबाईंनी चौकशी केली नाही की आरडाओरडा केला नाही. पुस्तकाच्या शेवटी पेन्सिलने एवढंच लिहिलं: 'शेवटचं पान नाही. शेवट काउंटरवर विचारावा.' विचारायला येणाऱ्याला त्या आपल्या मनाने शेवट सांगायच्या. त्यांच्या सांगण्यात घोडी कधी पंचवीस वर्षं जगायची, कधी तीस. गावातली एक अख्खी पिढी ती घोडी सुखात आहे असं समजून मोठी झाली.

ओरी मात्र वाचनातून हळूहळू बाहेर पडली. चौदाव्या वर्षी ती जाडजूड पुस्तकं शाळेच्या बसमध्ये अशी धरायची की मुखपृष्ठ सगळ्यांना दिसावं. कॉलेजात हातात पेन्सिल आली आणि प्रत्येक ओळीत मार्क दिसू लागले. मग रेजायनातल्या विमा कंपनीत नोकरी लागली. बावीस वर्षं ती करारातली बारीक अक्षरं वाचत आली होती, कुठे खोच आहे ते शोधत. आता कादंबरी उघडली तरी दुसऱ्या पानावर ती खोच शोधू लागायची आणि तिसऱ्या पानावर हात फोनकडे जायचा. पलंगाशेजारी सात पुस्तकं पडली होती, सातांतही खूण अकराव्या पानाच्या आसपास. "वेळच मिळत नाही," असं ती लोकांना सांगायची. ही शुद्ध थाप होती, आणि ती तिलाच सगळ्यात जास्त लागायची.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. जानेवारीत ओरी आठवड्याची रजा काढून बापाकडे आली. बाहेर उणे एकतीस. पेट्रो आता त्र्याऐंशीचा, डोळ्यांच्या मधोमध धूर साचल्यासारखं झालेलं, पण चहा स्वतःच करायचा. पहिल्या सकाळी टेबलावर दोन कप भरलेले बघून तिने एक उचलायला हात पुढे केला.

"तो नको," पेट्रोने कप हळूच बाजूला सरकवला. "तो स्टेफाचा. तुझा कपाटातून घे."

कपाटातून कप घेताना तिचं लक्ष स्टोव्हशेजारच्या खुर्चीवर गेलं. तिथे घोडीचं पुस्तक होतं.

तिने आतली चिठ्ठी उघडली. तारखांचे शिक्के एकाखाली एक, आधीचे कुठल्याही महिन्यातले, नंतरचे मात्र सगळे जानेवारीतले, वर्षामागून वर्ष. चिठ्ठी भरली म्हणून खाली दुसरी जोडलेली.

"बाबा, हे तुम्ही आणता? दर वर्षी?"

"मग कोण? तीन वर्षं कोणी नेलं नाही की त्या लोकांचा नियम आहे, पुस्तक काढून टाकायचं. तुझ्या आईने मला कामाला जुंपलं. स्वतःच्या कार्डावर तिची चार असायची, हे माझ्या कार्डावर."

"आणि वाचायचात?"

"मी? चौथी शिकलेला माणूस! पंधरा दिवस स्टोव्हपाशी ठेवायचो, जरा शेकायचो त्याला, की परत." पेट्रो हसला. "ती गेल्यावर घेतलं वाचायला. बोट ठेवून ठेवून. सातव्या प्रकरणाला आलो आणि डोळ्यांनी दगा दिला. आता तू वाच. पार शेवटपर्यंत."

अडतीस वर्षांपूर्वीची चोरी, आणि बाप तिलाच शेवट मागत होता.

वाचायला बसली खरी, पण सवय कुठे जाणार? डोळे ओळींवरून घसरायचे, तोंड मधलंच गाळून पुढे जायचं.

"थांब," पेट्रो म्हणाला. "आत्ता तबेल्यात होती ना ती? लगेच नदीवर कशी गेली? दाराला कडी लावली का नाही?"

"लावली असेल हो बाबा."

"असेल म्हणजे? घोडी बाहेर पडली तर! मागे जा आणि नीट वाच."

ती मागे गेली. कडी लावली होती. शिवाय मुलीने हातमोजा दातांत धरून लावली होती, आणि हे एवढंसं ओरीला नवव्या वर्षी खूप आवडलं होतं. तिला ते आत्ता आठवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक प्रकरण संपलं तेव्हा ती म्हणाली, "अजून एक वाचू?" आणि स्वतःच दचकली. फोन कोटाच्या खिशात कधीचा बंद पडला होता.

पाचव्या सकाळी ती पेन्सिलच्या ओळीपाशी पोचली.

"पुढे?" पेट्रोने विचारलं.

बोइचुकबाईंचा शेवट तिला तोंडपाठ होता. सांगून टाकला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण पाच दिवस त्याने एक कडीसुद्धा गाळू दिली नव्हती.

"बाबा, ते पान मी फाडलं. लहानपणी."

"ठाऊक आहे." पेट्रो उठला आणि फडताळ चाचपडत स्टेफाचा पाककृतींच्या चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आला. अगदी तळाशी पिवळं पडलेलं पान होतं, चार घड्या घातलेलं. "त्याच आठवड्यात सापडलं तिला, गादी झटकताना."

"मग परत का नाही दिलं?"

"ती म्हणाली, चोरी पोरीची, परत पोरगीच देईल. आणि मला सक्त ताकीद, ओरीच्या आधी तुम्ही वाचायचं नाही."

ओरीने पान उघडलं. घोडी मेली. या वेळी ती सावकाश मेली, कारण ओरी सावकाश वाचत होती. पेट्रोची नजर स्टेफाच्या कपाकडे होती.

"संपलं?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि सवयीने, गेले पाच दिवस उलटत होती तसं, पान उलटलं. मागेही मजकूर होता.

तिने तो कधी वाचलाच नव्हता. मेल्याच्या ओळीशी थांबून तिने पान फाडलं होतं.

ती वाचू लागली. दुसऱ्या सकाळी ती मुलगी सवयीने ओट्सची बादली घेऊन रिकाम्या तबेल्यात गेली. बराच वेळ उभी राहिली. मग दाराशी चिमण्या आल्या, तिने ओट्स त्यांना टाकले. तिसऱ्या सकाळी चिमण्या तिच्या आधी येऊन बसल्या होत्या.

एवढंच होतं. ओरी हमसाहमशी रडत होती.

"आईला माहीत होतं? मागच्या बाजूचं?"

"तर! मी कितीदा म्हटलं, अगं, सांगून टाक पोरीला. म्हणायची, वाचणारी पोर आहे. एक दिवस पान उलटेल. तोवर पुस्तक जपा."

मग पेट्रोने चाचपडत टेबलावरचा स्टेफाचा कप शोधला आणि लेकीपुढे सरकवला.

"घे," तो म्हणाला. "निवतोय."