अंगणात उतरलेली खाट

मी एक खाट बोलतेय. झोपायची नव्हे. मोटार आमच्या वस्तीपर्यंत येत नाही, ओढ्यापलीकडेच थांबते. तिथवर आजारी माणूस न्यायला एका सुताराने मला बनवलं. हलकं लाकूड, रुंद पट्ट्या आणि खांद्यावर घ्यायला लांब दांडे.

एरवी मी त्याच्या पडवीत भिंतीला टांगलेली असे. तिथून बघताना मला नाना प्रश्न पडत. माणसं माझ्यावरून नजर का काढून घेतात? पोटुश्या सुनांना सासवा पलीकडून का नेतात?

हळूहळू उमगलं. मला खाली काढणं अशुभ म्हणे! बाई अडली, अंगावरून रक्त जाऊ लागलं, तरी घरचे म्हणत, "होईल बरं. पुरुषमाणसं येऊ देत." अगदीच जिवावर बेतलं की माझ्याकडे धावत. उशिरा निघालेली बाई परत येत नसे, आणि बोल मला लागे. त्या बोलापायी पुढचीला आणखी उशीर. सुताराची लेकही अशीच गेली. त्यानंतर कित्येक वर्षं त्याने मला साधा हातही लावला नाही.

पुढे त्याच्या सुनेचे दिवस भरत आले. एका सकाळी त्याने मला उतरवून अंगणात मांडलं आणि माझ्यावर बसून चहा प्यायला.

"अहो, डोकं फिरलं का?" बायको ओरडली. "ती भिंतीवरची खाट!"

"चार पाय आहेत तिला. बसतोय."

"सुनेच्या देखत?"

"तिलाही बसव. उभी राहून पाय सुजलेत तिचे."

सून हसत टेकली. आठवड्याभरात माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या.

मग एका दुपारी बाळ झालं. मुलगी. पण रक्त थांबेना. शेजारीण म्हणाली, "मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू या."

सासूने भिजलेलं कापड पाहिलं. ती अंगणात आली आणि माझ्यावरची गोधडी तिने झटक्यात ओढली.

"उचला रे! त्याला म्हणावं, ये मागून."

ओढा ओलांडताना सून क्षीण आवाजात विचारत होती, "बाळ कुठंय?" सासू माझा दांडा धरून चालत होती. "माझ्यापाशी आहे गं. तू डोळे मिटू नकोस."

सून परत आली ती माझ्यावर बसून, बाळ मांडीवर घेऊन, "हळू रे, झोपलीय ती" असं खांदेकऱ्यांना दटावत.

आज ती पोर माझ्यावर उड्या मारते. माझा एक पाय कुरकुरतो. कुरकुरू दे. मला पुन्हा भिंतीवर तेवढं टांगू नका. आणि गरज पडली, तर या पोरीला खाली उतरवायला लागेल तेवढाच वेळ घ्या.